न जाळलेल्या तणाचा डोंगर

आमच्या मळ्यात चुलीखेरीज कुठेही आग पेटत नसे. मळा आमचा होता तो राहण्यापुरता. मालक रिसोडचे एक जैन शेटजी, आणि माझे वडील त्यांचे सालदार. गावापासून कोसभरावर विहीर, चाळीसेक कागदी लिंबांची झाडं, थोडे पेरू, भाजीचे वाफे आणि विहिरीमागे आमची झोपडी. सालदारकी पाडव्याला सुरू व्हायची आणि पुढच्या पाडव्याला संपायची. बाबांचे असे अठरा पाडवे त्या एका मळ्यात झाले होते.

शेटजींचा नेम असा होता की आपल्या जमिनीवर काडीकचरा जाळायचा नाही. वाळल्या काडीतही मुंगी असते, कोळी असतो, अळी असते. माय चुलीत पऱ्हाटी घालायची तर ती कपाशीची काडी आधी दोनदा जमिनीवर आपटून झटकायची. मोटसुद्धा शेटजींनी चामड्याची न ठेवता लोखंडी पत्र्याची करून घेतली होती. ती वर येताना असा आवाज करायची की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळावं, मळा जागा आहे.

आसपासचे लोक निंदणाचं तण वाळलं की काडी लावून मोकळे होत. आम्ही ते कुंपणाशी नेऊन रचायचो. तरोटा, आघाडा, पेटारी, रुई, एरंडी, रानतुळस, छाटलेल्या लिंबाच्या काटेरी फांद्या. कोवळं तण गुरं खातात किंवा मातीत जिरतं; पण हिवाळा आला की तरोट्याचं खोड बोटाएवढं लाकूड होतं, ते कुजतही नाही आणि कोणी उचलूनही नेत नाही. अठरा वर्षांत त्या कुंपणाशी, मोटेच्या बैलांच्या धावेजवळ, त्याचा डोंगर झाला होता. पावसाळ्यात तो थोडा बसायचा, हिवाळ्यात पुन्हा वाढायचा. लहानपणी मी त्याच्याजवळ अभ्यासाला बसायचो, कारण दुपारी तिथं सावली असे.

शेटजींचे माझ्यावर उपकार आहेत. त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं माझ्याकडे आली, ती कव्हर घालून. मॅट्रिकनंतर अमरावतीला मी कुठे राहावं याची चिठ्ठी त्यांनीच दिली. आमच्या सात पिढ्यांत कोणी शाळेची पायरी चढलं नव्हतं, आणि मी बी.ए. झालो. निकाल घेऊन आलो त्या दिवशी बाबांनी मोट थांबवली, बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आता तू आमाले वाचून दाखवशीन, आन् आमी आयकू." त्यांच्या दृष्टीनं बी.ए. म्हणजे एवढंच.

पण मळ्याची दशा त्या वर्षी वाईट होती. काळी माती दगडासारखी आवळली होती. पाणी दिलं की वरून वाहून जाई, दोन दिवसांत आळ्यात बोटभर भेगा पडत. लिंबाची पानं पिवळी पडली होती. त्याच आठवड्यात शेटजी मुनीमजींसोबत मळा पाहायला आले. शेटजींच्या हातात एक पितळी टोकाची काठी असे. त्यांनी ती एका आळ्यात रोवून पाहिली. टक असा आवाज झाला आणि काठी उसळून वर आली.

मुनीमजी अंगानं बारीक, बोलायला तिखट. डोंगराकडे बोट करून ते म्हणाले, "शेटजी, अठरा सालात या माणसानं एकच पीक काढलं. ते पाहा."

"जाळू देत नाही म्हणून साचलं, मुनीमजी," शेटजी म्हणाले. "त्यात त्याचा दोष नाही."

"आन् पिवळी पानं? मानोऱ्याकडचा एक माणूस आहे माझ्या नजरेत. तरणा आहे, बागाईत जाणतो."

शेटजींनी एक पिवळं पान बोटांत धरून पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "पाडव्यापर्यंत पाहू. हा ढीग हलवा, पण जाळून नाही. झाडं सुधरली तर तुमीच राहा. नाही सुधरली तर मलाही मळा बुडवता येत नाही."

बाबा "जी" म्हणाले. त्यांची पन्नाशी उलटून गेली होती. या वयात नवा सालदार कोण ठेवणार, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि झोपडीच्या दारात उभ्या असलेल्या मायलाही.

मी त्या संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की ढिगाचं खत करायचं. अमरावतीच्या वाचनालयात एका मासिकात मी कंपोस्टवरचा लेख वाचला होता. खड्डा करावा, त्यात पालापाचोळा भरावा, पाणी घालावं, माती लोटावी. काही महिन्यांत सोन्यासारखं खत. बाबांनी ऐकून घेतलं. लेख छापलेला होता, आणि छापलेल्यावर त्यांचा फार विश्वास.

पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही बाप-लेकांनी पुरुषभर खोल खड्डा खणला. माझ्या हातांना फोड आले. त्यात डोंगराचा एक भाग जसाच्या तसा कोंबला, वर माती ओढली आणि मी वाट पाहत बसलो. दसऱ्याला उघडला. वरची माती काढली तर खाली तरोट्याची खोडं होती तशीच होती, फक्त ओली आणि काळपट. मधे हात घातला तर आंबूस वास आला. मी एक काडी उचलून मोडली. ती कट्‌ करून मोडली, आतून पांढरी.

माय वाकून पाहत होती. "चार महिने भिजत घातल्या बापा, आता फोडणी दे," ती म्हणाली.

मुनीमजींना ही बातमी कशी लागली कोण जाणे. दुसऱ्या दिवशी शेटजींच्या दुकानावर मीठ आणायला गेलो तर सगळ्यांदेखत म्हणाले, "या बी.ए. साहेब. काड्या शिजल्या का?" लोक हसले. शेटजी हसले नाहीत, पण त्यांनी मान वरही केली नाही. ते मला जास्त लागलं.

त्या दिवसांत मला झोप नीट यायची नाही. माझ्या शिकण्यापायी बाबांनी काय काय सोडलं होतं ते मी जाणून होतो, आणि आता माझ्या शिकण्यानं त्यांचे चार महिने मातीत घातले होते. मी नोकरीसाठी अर्ज करत होतो, उत्तरं येत नव्हती.

दिवाळीनंतर मोट पुन्हा सुरू झाली. मोटेची धाव म्हणजे विहिरीच्या तोंडापासून खाली उतरत जाणारा उताराचा रस्ता. बैल त्यावरून खाली जातात तेव्हा मोट भरून वर येते. ते मागे सरत वर येतात तेव्हा रिकामी मोट विहिरीत उतरते. दिवसभर तेच. त्या साली पावसानं धावेवरचा मुरूम वाहून गेला होता. तिसऱ्याच दिवशी डावा बैल घसरून गुडघ्यावर बसला. बाबांनी मोटेचा नाडा सोडला, बैलाचा पाय चाचपला, मग काही न बोलता डोंगराकडे गेले आणि तरोट्याच्या, पेटारीच्या फांदाळ काड्या कवेत घेऊन आले. त्या त्यांनी धावेवर एकात एक गुंफून पसरल्या.

"बैल अडखळतीन न बाबा," मी म्हणालो.

"घसरन्यापरीस अडखयलेले बरे. आन् तू कायले भेऊन राह्यला? तुह्या खड्ड्यात नाई टाकत मी याइले."

लिंबाच्या काटेरी फांद्या त्यांनी वेचून बाजूला ठेवल्या होत्या, बैलाच्या खुरात जाऊ नयेत म्हणून. बैल आधी बिचकले, मग त्या गादीवर खूर रोवून चालू लागले.

आठ दिवसांनी मी धाव झाडायला गेलो तेव्हा झाडू थांबला. काड्या नव्हत्या. शेकडो फेऱ्यांनी, खुरांखाली, दोन बैलांच्या वजनाखाली त्या चिरडून, उभ्या फाटून, धाग्याधाग्यानं मोकळ्या झाल्या होत्या. तुरीच्या कुटारासारखा भुसा झाला होता, मूठभर उचलला तर मऊ. त्यात बैलांचं शेण-मूत मुरलं होतं. काडीवरची ती गुळगुळीत साल फुटली होती. चार महिने खड्ड्यात पाणी आत जात नव्हतं ते का, हे मला तेव्हा उमजलं. बंद दारापुढे पाणी ओतत बसलो होतो मी. बैलांनी दार फोडलं होतं.

मी ओंजळ भरून बाबांकडे पळत गेलो. त्यांनी ती नाकाशी नेली. "कुटार झालं," ते म्हणाले, आणि एका क्षणानं, "आनखी आन."

तिथून आमचं काम लागलं. दर आठ दिवसांनी धावेवर नवी गादी घालायची, जुनी उचलायची. उचललेलं कुटार गोठ्यात गुरांखाली पसरायचं, म्हणजे रात्रीचं मूत त्यात जिरे. सकाळी ते काढून खताच्या नव्या ढिगावर. ढिगाच्या तळाशी त्याच काटेरी फांद्या आडव्या घातल्या, आत वारा खेळावा म्हणून. ही युक्ती मायची. ती गोवऱ्यांचा उडवा रचताना खाली असंच काहीतरी घालायची. मग एक थर कुटाराचा, एक शेणाचा, मूठभर चुलीतली राख, थोडी माती, आणि पाणी शिंपडून पुन्हा कुटार.

शेणावरून मात्र घरात बोलणं झालं. शेण मायचं राज्य होतं. त्याच्या गोवऱ्या झाल्या नाहीत तर तिनं स्वयंपाक कशावर करायचा?

"अर्धं देतो," ती शेवटी म्हणाली. "अर्ध्याच्या वर मागतलं तं दोघंई जन कच्च्या भाकरी खा."

दुसरं भांडण रानतुळशीचं. एका सकाळी तिनं धावेवर पाहिलं आणि डोक्यावरचा हंडा खाली ठेवला. "तुयशीवर बैल फिरवून राह्यला तू? बी.ए. झाला म्हनून?"

"माय, रानतुयस हाय ते."

"रानातली असो का वृंदावनातली. तुयस ते तुयस."

ती धावेवर बसली आणि एकेक काडी हुंगून तुळशीची वेगळी करू लागली. मोट दोन घटका थांबली. बाबा नाडा धरून उभे राहिले. पुढे दर नव्या गादीला तोच नेम झाला: आधी माय काड्या निवडणार, मग बैल चालणार. निवडलेल्या तुळशीच्या तिनं जुड्या बांधून आढ्याला टांगल्या. चितेवर तुळशीचं काष्ठ लागतं, ते आपल्याकडे असावं म्हणाली. पुढे फार वर्षांनी ते लागलं, आणि आम्हाला कोणाच्या दारी मागायला जावं लागलं नाही.

पौषात थंडी कडक पडली. एका सकाळी मी उठून बाहेर आलो तर आमच्या तीन ढिगांपैकी दोन नव्या ढिगांतून वाफ निघत होती. पांढरी, दाट. मला आनंद झाला, कारण लेखात ते लिहिलं होतं: ढीग तापला म्हणजे जिवंत झाला. मी बाबांना दाखवत होतो तेवढ्यात रस्त्यानं मुनीमजींची सायकल गेली. ते थांबले, पाहिलं आणि परत गावाकडे वळले.

दुपारच्या आत शेटजी आले. खाचरातून, त्यांच्या छोट्या बैलगाडीतून, उतरताना त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा होता.

"आग लावली तुमी?" ते बाबांना म्हणाले. "माझ्या जमिनीत? आत लपवून?"

"नाई जी."

"मंग धूर कायचा?" मुनीमजी म्हणाले.

बाबांनी हातातली टोपली खाली ठेवली. ते ढिगापाशी गेले, बाह्या सारल्या आणि दोन्ही हातांनी ढीग कोपरापर्यंत उकरला. वाफेचा लोट आला. आत निखारा नव्हता, राखाडी नव्हती; काळसर, मऊ, ओलं कुटार. "पाहा जी हात घालून," ते म्हणाले.

शेटजींनी काठी माझ्याकडे दिली आणि हात घातला. चटका बसल्यासारखा काढला, पुन्हा घातला.

"हे कुणी पेटवलं नाही?"

"आपसूकच तापतं शेटजी," मी म्हणालो. "ओलं गवत गंजीत तापतं, तसं."

"आणि आतले जीव?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. काहीतरी गोड सांगून सुटता आलं असतं. पण त्यांच्या पुस्तकांवर शिकून त्यांच्याशीच खोटं बोलायचं हे मला जमेना. मी म्हणालो, "एकही मरत नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आम्ही रोज पाहतो. ढीग तापायला लागला की मुंग्या, किडे कडेच्या थंड थरात सरकतात. कडेचा थर आम्ही चाळवत नाही. आणि निवल्यावर आत येतात ते आधी होते त्याच्या दसपट."

"दाखवा."

पहिला ढीग, कार्तिकातला, एव्हाना निवला होता. मी त्याच्या पोटातलं एक ढेकूळ काढून त्यांच्यापुढे ठेवलं. हातातच फुटलं. त्यात गांडुळं होती, बारीक, लाल, एकमेकांत गुंतलेली. पांढरे किडे, गोगलगायीची पिल्लं. शेटजी उकिडवे बसून पाहत राहिले. शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं ते ढेकूळ जागच्या जागी ठेवलं आणि वर कुटार लोटलं.

"फावडं घालू नका यात," ते म्हणाले. "हातानं काढा."

"जी," बाबा म्हणाले.

मुनीमजी सायकल घेऊन आधीच निघाले होते.

माघात आम्ही खत काढलं, हातानं, टोपल्यांनी. लिंबांना त्या वेळी पाणी तोडलेलं असतं. ताण बसल्यावर आळी खणायची, खत द्यायचं आणि पाणी सोडायचं, म्हणजे आंबेबहर, फाल्गुनातला फुलोरा, धरतो. आम्ही प्रत्येक झाडाला चार टोपल्या दिल्या, मातीत कालवून. मग मोटेचं पहिलं पाणी सोडलं. पाणी वाहून गेलं नाही. आळ्यात शिरलं आणि दिसेनासं झालं. बाबा पाट वळवायचा सोडून तिथंच उभे राहिले. दोन दिवसांनी भेगा पाहायला गेलो, नव्हत्या. चौथ्या दिवशी नव्हत्या. पाचव्या दिवशी मायनं आळ्यात बोट घातलं ते मुळापर्यंत ओलं निघालं. बैलांची निम्मी मेहनत वाचली.

पंधरा दिवसांत शेंड्यांना पालवी फुटली, तांबूस, चकचकीत. मग कळ्या. फाल्गुनात त्या मळ्याला जो वास सुटला तो आजही कुठे लिंबाचं फूल चुरगळलं की मला परत मिळतो. रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या.

आणि डोंगर? डोंगराच्या जागी जमीन दिसत होती. अठरा वर्षांत तिच्यावर ऊन पडलं नव्हतं. माझ्या अभ्यासाची सावली गेली होती, त्याचं मला वाईट वाटलं नाही.

पाडव्याच्या दिवशी सकाळीच शेटजी आले. मुनीमजी सोबत होते, आणि मुनीमजींबरोबर मानोऱ्याकडचा तो माणूस. तिशीचा, रुंद खांद्यांचा, डोक्याला लाल पटका. बाबांनी त्याला रामराम केला आणि प्यायला पाणी दिलं. मायनं झोपडीपुढे गुढी उभारली होती. तिच्या पदराचं टोक तिच्या मुठीत होतं.

नवा माणूस कोणाला न विचारता झाडांमधून चालत गेला. एका आळ्यापाशी बसला, माती उचलली, दाबली, सोडली, वास घेतला. फुलं हलवून पाहिली. मग दुसऱ्या झाडापाशी, मग तिसऱ्या. परत आला तेव्हा त्यानं मुनीमजींना विचारलं, "मले कायले आनलं इथं?"

"काहून? मळा पसंत नाही?"

"मळा पसंत हाय. पन बिघडला असता तं मी सुधरवला असता. इथं मले काय काम हाय?" मग तो बाबांकडे वळला. "काका, हे खत कशाचं?"

"तरोट्याचं."

"थट्टा करता काय? तरोटा कुठी कुजते?"

"चाल, दाखवतो," बाबा म्हणाले, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला धावेकडे घेऊन गेले.

शेटजींनी आळ्यात काठी टेकवली. ती टेकली तिथंच थांबली नाही. त्यांच्या हाताच्या वजनानं वीतभर आत गेली. त्यांनी हात सोडला. काठी सरळ उभी राहिली. तशीच ठेवून ते दोन्ही हात मागे बांधून फुलांकडे पाहत राहिले, आणि मुनीमजींना म्हणाले, "सालदारकी नको आता. यंदापासून निम्म्या वाट्यानं द्या यांना मळा. लिहून घ्या."

मुनीमजींनी लिहून घेतलं. त्यांचं श्रेय त्यांना दिलं पाहिजे. अक्षर सुंदर होतं. जाताना मला म्हणाले, "शिजल्या म्हणायच्या काड्या." मी म्हणालो, "शिजल्या मुनीमजी, पण बैलांनी." त्यावर ते मोकळेपणानं हसले. पुढे त्यांच्याच परसातला काडीकचरा खाचरानं आमच्या धावेवर यायला लागला.

सगळे गेल्यावर बाबा धोतर खोचून म्हणाले, "चाल, तुह्या पुस्तकाचा खड्डा बुजवून टाकू. सनाच्या दिवशी उघडा नाई बरा दिसत."

तो दसऱ्यापासून तसाच पडला होता, त्या न कुजलेल्या काड्यांसह. आम्ही त्या काढल्या नाहीत. त्यांवरच उरलेलं खत ओतलं आणि माती लोटली. मृगात मायनं तिथं आंब्याचं रोप लावलं. तोपर्यंत मला रिसोडला मास्तरकी मिळाली होती, आणि मी मुलांना वनस्पती शिकवताना आधी तरोट्याचं खोड मोडायला लावत असे.

त्या खड्ड्यातला आंबा आसपासच्या सगळ्या आंब्यांपेक्षा लवकर फळाला आला. कोणी विचारलं तर माय सांगायची, "बी.ए.चा आंबा हाय तो. वरून दिसाले बरा नाई, पन गोड हाय."